माझ्या विरोधी मताचे घर

मी, हेम्दा लिफ्शित्स, वय शहात्तर, राहणार किबुत्झ नवे एशेल, म्हणजे सगळे सामाईक असणारी शेतवस्ती, अरावा वाळवंट, इस्रायल, हे पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. गुडघे गेले, डोके जागेवर आहे. आजवर माझ्या मालकीचे काहीच नव्हते, म्हणून मृत्युपत्राची गरज पडली नाही. १९५१ साली आम्ही एकोणीस जण चार तंबू आणि एक पाण्याची टाकी घेऊन इथे उतरलो, तेव्हा अंगातले सदरेसुद्धा सगळ्यांचे असत. गेल्या वर्षी किबुत्झच्या सर्व सभासदांच्या सभेने घरे ज्याची त्याच्या नावावर केली. ज्यासाठी जन्म घालवला, ते एका दुपारी मतदानाने संपले.

१. खजुराचे घड कापायचा कोयता बागेतल्या प्रसितला द्यावा. तो थायलंडचा. आमच्यापैकी आता कोणी झाडावर चढत नाही.

२. विजेची किटली पेनिनाला. ती मी खासगी ठेवली म्हणून या बाईने सभेत दोन तास माझी लाज काढली होती. आज तिच्याकडे तीन आहेत, तरी द्यावी.

३. घर माझा मुलगा योताम याला. तो चिलीत असतो. सत्तावीस वर्षांत इकडे फिरकलेला नाही. त्याला समुद्राचे शिक्षण घ्यायचे होते आणि कोणाला शिकायला पाठवायचे ते सभा ठरवी. ज्याचा विषय, त्याने बाहेर थांबायचे. कोणीतरी म्हणाले, "समुद्र शिकून हा काय खजुरांना पोहायला लावणार?" सगळे हसले, मीही हसले. तीस विरुद्ध एकतीस, पोरगा हरला. बाहेर येऊन मी त्याला म्हटले, "झेलिगने घात केला रे."

ते खोटे होते. झेलिग माझा इथला जुना सोबती; त्याचा हात योतामच्या बाजूने होता. विरोधातला एकतिसावा हात माझा. आईने पोराला झुकते माप दिले असे कोणी म्हणू नये, म्हणून मी तो वर केला. योताम त्याच आठवड्यात निघून गेला.

मते झेलिगनेच मोजली होती. "तू त्याला खरं का नाही सांगितलंस?" मी एकदा विचारले.

"अगं, शिव्या घालायला त्याला कोणीतरी हवंच होतं. तू आई. मला घातल्या तर घातल्या."

झेलिगला मी काही ठेवत नाही. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, आणि सही मला त्याचीच हवी आहे.

४. हा कागद माझ्या मरणाची वाट न पाहता आजच योतामला पाठवावा. दर नववर्षाला त्याचे एक पत्र येते. यापुढे ते येणार नाही, हे मला माहीत आहे. घर नको असेल तर त्याने 'नाही' एवढेच कळवावे. त्याचे एक मत पुरे.

सही: हेम्दा लिफ्शित्स
साक्षीदार: नोगा शालेव, दवाखान्यातील परिचारिका
साक्षीदार: झेलिग ऊर्बाख. वाचले. कलम चारला माझा विरोध आहे. सही करतो.

नवे एशेल, ११ जून २००६