फ्लेक्सवरचे मर्द

दौंड
३ फेब्रुवारी २०२५

ती. मच्छिंद्रमामा यांना,
गौतमीचा स. जय भीम. वि. वि.

फोनवर बातम्या सांगायच्या आणि पत्रात विचार लिहायचे, ही तुमची अट मी आठवीपासून पाळत आले आहे. आज विचार कमी आणि राग जास्त आहे, त्यामुळे अक्षर वाकडं आलंय. समजून घ्या.

घरी सगळे बरे. मम्मी कुरकुंभच्या कंपनीत पॅकिंगला जाते. पाठ दुखते म्हणते, पण सुट्टी टाक म्हटलं तर माझ्यावरच डाफरते. माझं कॉलेजचं दुसरं वर्ष चालू आहे आणि गेमही चालू आहे. तुम्ही त्याला अंगठ्याचा व्यायाम म्हणता. तर या व्यायामात एका बेटावर सोळा टोळ्या उतरतात. चौघांची एक टोळी. शेवटपर्यंत जिची माणसं जिवंत राहतात, ती जिंकते. आमच्या टोळीत आयुष, हनुमंत, चांगदेव आणि मी. कुठं उतरायचं, कुठं लपायचं, सगळे हुकूम माझे. पण बाहेर कुणालाच ठाऊक नाही की हुकूम देणारी मुलगी आहे. खेळात मी नाव घेतलंय ‘दौंडचा डॉन’. याहून बावळट नाव मला सुचलं नाही. हा डॉन रोज संध्याकाळी लसूण सोलतो.

हुकूम टाइप करून देते आणि माईक बंद ठेवते, कारण एकदा चालू केला होता. पलीकडून एकानं मला भाकऱ्या थापायला जा म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं त्याला दटावलं आणि मला म्हणाला, ताई, तुम्ही फक्त मागं थांबा, आम्ही तुम्हाला वाचवतो. मामा, मला या दुसऱ्याचा जास्त राग आला.

खेळताना मध्येमध्ये जाहिराती लागतात. पोराच्या डोळ्यांत आग आणि हातात काळा फोन. पोरगी असलीच तर गुलाबी हेडफोन घालून हरते आणि हरल्यावर हसते. मी हसत होते या जाहिरातींना. पण मम्मीनं सवलतीत मिळाला म्हणून गुलाबी फोन आणला, तेव्हा मी दोन दिवस फुगून बसले आणि मग त्याला काळं कव्हर घातलं. म्हणजे जाहिरात माझ्यावरही चाललीच की!

आता रागाचं. तुमच्या शिरूरला २ मार्चला स्पर्धा आहे. सम्राट नावाच्या मोबाईलवाल्यानं भरवली आहे. पहिली येणारी टोळी पुण्याला पुढच्या फेरीला जाणार. मला तिथं गौतमी म्हणून, माईक चालू ठेवून खेळायचं होतं. बस, एवढंच. तेवढ्यात फ्लेक्सचा फोटो आला. सिंहाचं डोकं असलेला माणूस, हातात मशिनगन. खाली कोपऱ्यात एक मुलगी दोन्ही हातांचा बदाम करून त्याच्याकडं बघतेय. आणि मजकूर असा: “मर्दांनो, मैदानात या! ही रणभूमी आहे, स्वयंपाकघर नव्हे. बांगड्या भरलेल्या हातांनी घरी बसून टाळ्या वाजवाव्यात.”

ते वाचल्यापासून हनुमंतचं म्हणणं असं, की तू आलीस तर आपलं हसं होईल. तुझ्या जागी माझा चुलतभाऊ बसेल, तू त्याला शिकव आणि मागून टाळ्या वाजव. मामा, मी हो म्हणायच्या बेतात आहे आणि त्याचीच मला लाज वाटते. ज्यानं कुणी हे लिहिलंय त्याला शोधून काढा आणि तुमच्या जयंतीच्या भाषणाच्या आवाजात सुनावा.

लोभ तुमचा आहेच. या वेळी थोडा संतापही पाठवावा.

तुमची भाची,
गौतमी

शिरूर
८ फेब्रुवारी २०२५

चि. गौतमी हीस,
मामाचा जय भीम व मंगलकामना.

पत्र पोचले. मी ते दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा पाणी प्यायलो.

जाहिरात ही या काळातली सर्वांत मोठी शाळा आहे आणि तिथे हजेरी सक्तीची आहे. बाईला साबण विकताना तिला गोरी नसण्याची लाज शिकवली. पुरुषाला मोटारसायकल विकताना त्याला नसलेल्या छातीची लाज शिकवली. आता खेळ विकताना पोरांना सिंह करतात आणि पोरींना बदाम. यावर मी तासभर बोलू शकतो. तुझी मामी म्हणते, मी कशावरही तासभर बोलू शकतो.

परंतु लिहिणाऱ्याविषयी एकदम कठोर होऊ नये असे मला वाटते. तो माणूस मुळात वाईट असेलच असे नाही. घाईत असेल. समोर चहा निवत असेल. लेखणीला जुन्या शब्दांची सवय असते. फ्लेक्सचे आयुष्य तरी किती? एक वारा आला की संपले. सम्राट माझा जुना विद्यार्थी आहे, त्याच्याशी कधीतरी बोलेन. तू अभ्यासाकडे लक्ष दे. या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी खेळ.

मायाला सांग, पाठीला शेक घ्यावा. माझ्यावरचा विश्वास आहे तेवढाच असू द्यावा, वाढवू नये.

तुझा,
मच्छिंद्रमामा

दौंड
१२ फेब्रुवारी

दादास,
मायाचा जय भीम. वि. वि.

मला तुझ्यासारखं लिहिता येत न्हाई. बोलते तसं लिहिते.

पोरीनं तुझं पत्र वाचून दाखवलं. तिला काय कळलं न्हाई. तिला वाटतं मामा थकलं. मला मात्र पहिल्या पानालाच कळलं. इनामगावच्या कबड्डीला तू माईक हातात घेऊन फ्लेक्सवरचं हेच म्हनला होतास, बांगड्या भरल्या असतील तर घरी बसा. तवा मी नववीत व्हते. मैतरणी घेऊन पुढंच बसले व्हते, माझा भाऊ बोलतोय म्हणून. समद्या हसल्या आन् मी हात ओढणीखाली घेतले. तुझ्या ध्यानातबी नसंल.

दादा, तुझी भाषणं ऐकूनच मी शिकले. लग्नानंतर कामाला जाते म्हणून सासरी भांडले, ते तुझ्याच जिवावर. त्याच हातात आज बांगड्या हायेत आन् त्याच हातानं मी दिवसाला तीनशे खोकी उचलते. तू एक उचलून बघ.

पोरीनं काल नाव मागं घ्यायचं ठरवलं. हनुमंतच्या भावाला शिकवायला बसलीय, तोंड पाडून. आता तू तिला सांग, न्हाईतर मी सांगते. आठ दिवस देते.

वहिनीला नमस्कार. राग माझा, जेवण तिचं. दोन्ही गोड मानून घे.

तुझी,
माया

शिरूर
१६ फेब्रुवारी २०२५

चि. गौतमी हीस,
जय भीम व मंगलकामना. मंगलकामना देण्याचा अधिकार मला उरला आहे का, हे तू पत्र संपल्यावर ठरव.

तो माणूस सापडला. तो याच टेबलाशी बसतो. त्याच्या मागच्या भिंतीवर समतेच्या विषयावरची वक्तृत्वाची अठरा सन्मानचिन्हे आहेत. ती मामी पुसते.

घडले ते असे. सम्राट एका सकाळी पेढे घेऊन आला. म्हणाला, सर, पोरं गेम खेळतात, लढाईचा खेळ आहे, तुमच्यासारखा जोरकस मजकूर तालुक्यात कुणाला जमत नाही. शेवटच्या वाक्यानंतर माझे काही माझ्या हातात राहिले नाही. मी उभा राहिलो. मी बसून ओजस्वी होऊ शकत नाही. चहा निवायच्या आत मजकूर तयार झाला. खेळ काय आहे हे मी विचारलेदेखील नाही. लढाई म्हणजे पुरुष आणि घाबरणे म्हणजे बाई, हे शब्द माझ्या तोंडात इतके तयार होते की मला विचार करावाच लागला नाही. सम्राटने वाचून टाळी वाजवली. मी त्याला दुसऱ्यांदा वाचायला लावले.

आणि त्याच दिवशी संध्याकाळी मी विहारात स्त्रीमुक्तीवर बोललो. छान बोललो.

तुझे पत्र आल्यावर मी खोटे लिहिले नाही, खरे लपवले. हा वक्त्यांचा जुना प्रकार आहे. मग तुझ्या आईचे पत्र आले. त्यात काय होते ते तिला विचार. मला ते पुन्हा लिहवत नाही.

परवा मी सम्राटच्या दुकानात गेलो आणि वाक्य काढ म्हणालो. तो म्हणाला, सर, पोरी खेळतच नाहीत, म्हणून जाहिरातीत नसतात. मी मान हलवली. दुकानातून बाहेर पडलो आणि कोर्टापर्यंत आलो तेव्हा आठवले, माझ्या आजोबांबद्दलही गावात हेच म्हणत, की यांना शिकायची हौसच नाही, म्हणून शाळेत दिसत नाहीत. शाळेच्या दारात कोण उभे होते ते कुणी बोलत नसे. इथे दारात मी उभा आहे आणि हातात माझाच मजकूर आहे.

परत गेलो. नियमांचा कागद मागितला. त्यात पुरुष, बाई असे काही नाही, फक्त चौघे हवेत आणि ओळखपत्र हवे. म्हणजे तुला कुणी अडवलेलेच नव्हते, माझ्या वाक्याशिवाय. मग शिडी मागितली आणि त्या वाक्यावर पांढरा कागद चिकटवला. खाली माणसे जमली. त्यांना वाटले, कुणाच्या निधनाची सूचना लागतेय. मारुतराव चहावाल्याने टोपी काढली. बदामवाली मुलगी तशीच आहे. ते चित्र वरून, कंपनीकडून आले म्हणे, ते बदलत नाही.

उद्घाटनाचे भाषण मला आहे. तिथे मी हे सगळे जाहीर सांगेन, जाहिरातींच्या इतिहासासह. चाळीस वर्षांच्या नावाची धूळ होईल, ती होऊ दे. तू मात्र तुझ्या नावाने ये.

आशीर्वाद मागण्याची वेळ आज माझ्यावर आहे.

तुझा,
मच्छिंद्रमामा

दौंड
२० फेब्रुवारी २०२५

ती. मामांना,
स. जय भीम.

वि. वि. आज लिहीत नाही, कारण विशेष काय ते तुम्हीच कळवलंत.

पत्र वाचून मी पहिल्यांदा रडले, मग तुमच्यावर चिडले. मम्मी बांगड्या काढून ठेवून भांडी घासत होती. तिनं त्या धुतल्या हातानं परत घातल्या आणि म्हणाली, माणूस शिडीवर चढला ना, मग आता त्याला खाली उतरू दे.

म्हणून अटी कळवते. पहिली, भाषण करायचं नाही. तुम्ही तासभर माफी मागाल, लोक रडतील, टाळ्या वाजतील आणि स्पर्धा तुमची होऊन जाईल. एक वाक्य बोला आणि बसा.

दुसरी अट जड आहे. मी स्वतः खेळणार म्हटल्यावर हनुमंत चुलतभावाला घेऊन दुसऱ्या टोळीत गेला. पोरीच्या हाताखाली चारचौघांत खेळणं त्याला जमणार नाही म्हणे. गेलं वर्षभर जमत होतं, कारण कुणाला दिसत नव्हतं. कॉलेजात आणखी चार जणांना विचारलं, सगळ्यांची त्याच दिवशी लग्नं आहेत. नोंदणी २५ला बंद होते आणि चौघं नसतील तर टोळी बाद. तेव्हा चौथे तुम्ही.

तुम्ही मरणार हे मी धरून चालले आहे. फक्त मी सांगेन तिथं मरा. आयुष रविवारपासून शिकवायला येतोय. त्याला मामी जेवायला घालेल, असं मी परस्पर सांगितलंय.

राग अजून आहे. तो कमी झाला की पोस्टकार्डानं कळवीन. तोवर लोभावर भागवा.

गौतमी

शिरूर
३ मार्च २०२५

चि. माया हीस,
दादाचा जय भीम. वि. वि.

गौतमी तुला फोनवर निकाल सांगेलच, पण निकालात सगळे येत नाही.

आधी माझी फजिती. आयुषने मला आठ दिवस शिकवले. तो म्हणाला की त्याने आजवर इतका सावकाश मरणारा माणूस पाहिला नाही. मी पहिल्या दिवशी विमानातून उडी मारायचेच विसरलो. दुसऱ्या दिवशी चांगदेवला शत्रू समजून गोळी घातली. तिसऱ्या दिवशी समोरच्याशी बोलून मिटवू म्हटले, तर कळले की खेळात मिटवायची सोय नाही.

मंगल कार्यालयात स्पर्धा होती. मला व्यासपीठावर बोलावले. मी म्हणालो, फ्लेक्सवर ज्या ओळींवर कागद लावला आहे त्या मी लिहिल्या होत्या आणि त्या चूक होत्या. मग बसलो. लोक थांबून राहिले, त्यांना वाटले ही प्रस्तावना आहे. सम्राटने माईक पुन्हा पुढे केला. माया, मी तो दोन्ही हातांनी परत ढकलला. त्या शांततेत एक पोरगा मोठ्याने म्हणाला, आजोबांना गोळी लागली. सगळे हसले. मीही हसलो, पण थोड्या वेळाने.

मग नावे पुकारली. गौतमीचे नाव आले तेव्हा मागून कुणीतरी भाकरीवरून ओरडले. ती उठली, हेडफोन लावला, माईक चालू केला. एका टोळीचा आवाज एका वेळी मोठ्या स्पीकरवर ऐकवत होते. आमची पाळी आली तेव्हा साऱ्या कार्यालयाने तिचा पहिला हुकूम ऐकला. तो मला होता. मामा, गवतात पालथे पडा आणि एक शब्द बोलू नका.

मी पडलो. बारा मिनिटे गप्प पडून होतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून इतका वेळ मी झोपेतही गप्प राहिलेलो नाही. ती आयुषला डावीकडे पाठवत होती, चांगदेवला थांबवत होती. आवाज चढत नव्हता, विशेषण एक नव्हते. मी भाषणात ज्याला प्रभाव म्हणतो तो मी तिथे पहिल्यांदा पाहिला. मग ती म्हणाली, मामा, आता उठून उजवीकडे पळा. मी पळालो आणि मेलो. माझ्यावर गोळ्या झाडणारे दोघे दिसले आणि तिने ते दोघे टिपले. हनुमंत त्यातला एक होता. त्याने हेडफोन काढून ठेवला आणि नंतर स्वतःहून तिला पाण्याची बाटली आणून दिली.

शेवटी ती एकटी उरली आणि समोर कोरेगाव भीमाचे दोघे. एक तिने पाडला. दुसऱ्याने तिला पाडले. पुण्याला ते गेले, आपण दुसरे.

तिने फोन खाली ठेवला आणि तळवे कुर्त्याला पुसले. एवढ्यात ती कोरेगावची पोरे आमच्याकडे येऊ लागली. मला वाटले, आता टोमणे मारणार. मी उभा राहिलो. माझ्या तोंडात एक अख्खे भाषण तयार होते. गौतमीने माझ्याकडे नुसते पाहिले आणि मी बसलो.

त्यांच्या म्होरक्याने तिला विचारले, तू सेन्सिटिव्हिटी किती ठेवतेस? आयुषने मला हळूच समजावले, की बोट हलवल्यावर बंदूक किती वळते त्याचे ते माप असते, प्रत्येकाचे वेगळे आणि खेळाडू ते दुसऱ्या खेळाडूलाच विचारतात. गौतमीने सांगितले नाही. म्हणाली, मेमध्ये दौंडला स्पर्धा आहे, तिथं हरवते, मग सांगते. तो खो खो हसला आणि म्हणाला, ये की, पण या आजोबांना नक्की आण, आम्हाला सोपं जातं.

ती त्याच्याशी बोलत बाहेर चहाला गेली. तिला आपल्यामागे मामा आहे याची आठवणही नव्हती.

उजव्या अंगठ्याला सूज आहे. पुढच्या महिन्यात दौंडला आलो की तुझ्या कंपनीच्या गेटपर्यंत सोबत येईन आणि खोके आत कुणी उचलू दिले तर एक उचलून बघेन. जीव लावतेस तसा लावत राहा, बोल लावायचे असतील तेही लाव.

तुझा,
दादा