पांढरी पडलेली अंगठी

११ नोव्हेंबर, रविवार

अंगठी पांढरी पडली आहे!

चर्चमध्ये मिस्साला हात जोडले तेव्हा दिसलं. वाटलं, साबण राहिला असेल. रुमालाने घासली. घरी येऊन राखेने घासली, चिंचेने घासली. तळहाताकडची बाजू चांदीसारखी ती चांदीसारखीच.

चिंच उगीच वाया घालवली. या गावात जन्मलेल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं हे काय आहे. पूर्वी सोन्याच्या कामाला बसण्याआधी आम्ही सगळ्या अंगठ्या काढून दाराच्या खिळ्याला अडकवायचो. सोन्याला पारा शिवला की सोनं पांढरं. माझा नवरा पुलो म्हणायचा, "पारा म्हणजे सोन्याचा वेडा प्रियकर. दिसेल तिथे मिठी मारतो."

पण आमच्या घरात पारा नाही. पुलोला पुरून आल्यावर एलिसेओने बापाची बाटली आरोग्य केंद्रात नेऊन दिली आणि स्वतः पाऱ्याऐवजी टाकणखाराने सोनं गाळायला शिकला. माझ्यासमोर शपथ घेतली होती पोराने.

मग हा आला कुठून? आणि सून सहा महिन्यांची गरोदर!

१२ नोव्हेंबर

एलिसेओला अंगठी दाखवली. आधी हसला. "नानाय, बाजारात कुणाच्या हाताला हात लागला असेल." मग उन्हात धरून नीट पाहिली आणि हसू गेलं.

नारळाच्या झाडांपलीकडे घेऊन गेला. वारा पाठीवर घेऊन बसला, मला लांब उभं केलं आणि चिमट्यात धरून तापवली. थोड्या वेळाने अंगठी पुन्हा पिवळी झाली, लग्नाच्या दिवशी होती तशी. धूर काही दिसला नाही. पाऱ्याचा दिसत नाहीच. म्हणून तर तो चोर.

"पाराच होता," तो म्हणाला.

"तू आणलास?"

"नानाय! बाबांची शपथ."

मी विश्वास ठेवला. पण त्याने माझ्याकडे न बघता चिमटा पुसला, तेही मी पाहिलं.

घरात नवीन माणूस एकच आहे. विलमार, सून रोवेनाचा भाऊ. महिन्यापूर्वी आला, एलिसेओबरोबर सोन्याच्या खड्ड्यात उतरतो. आल्या दिवशी जेवताना म्हणाला होता, "भाओजी, टाकणखाराला फार नखरे. बारीक सोनं सगळं वाळूत जातं. पारा कसा, एक कण सोडत नाही." मी भाताचं भांडं आपटलं होतं. तो हसला होता.

१४ नोव्हेंबर

आज पुलोची फार आठवण येते. पाऊस आहे. समुद्र शिशासारखा.

पाच तारखेला त्याचं वर्षश्राद्ध झालं तेव्हा पेटीतून त्याच्या वस्तू काढल्या होत्या. गॉगल, पट्टा, आणि तो ताईत. म्हशीच्या शिंगाचं टोक, बोटाएवढं, तोंड मेणाने बंद केलेलं, लाल दोऱ्यात. खड्ड्यात उतरताना गळ्यात असायचाच. चिखलाच्या पाण्यात दहा-दहा माणसांच्या उंचीइतकं खोल जायचं, तोंडात हवेची नळी. नळी तुटू नये म्हणून हे शिंग. डोंगरावरच्या एका म्हाताऱ्याने गुड फ्रायडेला मंत्रून दिलेलं. आत पवित्र तेल आहे असं पुलो म्हणायचा. मला कधी उघडू दिलं नाही. मी नाक मुरडायची. "सिस्टरांच्या शाळेतली तू, तुला काय कळणार!" असं चिडवायचा.

आणि त्या पाच तारखेपासून तेच शिंग उशीखाली घेऊन मी झोपते! शाळेत सिस्टर बेनिग्ना आम्हाला हात उशीखाली, मुठीत जपमाळ धरून झोपायला लावायच्या. मरणाने अचानक गाठलं तर हात रिकामा नको. साठी उलटली तरी सवय जात नाही. फक्त जपमाळेऐवजी आता पुलो. मेण तडकलं होतं, मेणबत्तीचे दोन थेंब टाकून बुजवलं. केवढं जड आहे! देवाच्या वस्तूला वजन असायचंच.

सिस्टर, रागवू नका.

१७ नोव्हेंबर

डुकराच्या खुराड्यामागे रताळं सापडलं. आतून कोरलेलं, बाहेरून काळंठिक्कर. पूर्वी घरोघरी हेच करायचे. सोनं धरलेला पाऱ्याचा गोळा रताळ्यात ठेवायचा आणि विस्तवावर धरायचा, म्हणजे पारा रताळ्यात शिरतो आणि सोनं उरतं. आणि मग ते रताळं डुकराला!

विलमारसमोर नेऊन ठेवलं.

"हे काय?"

"रताळं, नानाय."

"कोरलंय कुणी?"

"मी. चमच्याने. आणि खाल्लं. आता भाजलेलं रताळं खाणंसुद्धा पाप झालं का? फादरांना सांगून येऊ?"

रोवेना तोंडावर हात धरून हसली. मी नाही हसले. डुकराने काय खाल्लं, काय नाही, मला काय ठाऊक? ख्रिसमसला तेच डुक्कर कापायचं आहे.

१९ नोव्हेंबर

मागच्या भट्टीच्या खोपटाचं दार हल्ली बंद असतं. एलिसेओ आणि विलमार दोघे आत. मी गेले की कुजबुज थांबते. एलिसेओ म्हणतो, "हवा लागली की भट्टी विझते." तीस वर्षं मी या घरात भट्टी पाहते आहे. मला शिकवतो!

तोंडाला चव नाही. नाणं चघळल्यासारखं लागतं. कॉफीसुद्धा तशीच. आणि हात! आज अक्षर बघ कसं आलंय. सिस्टर बेनिग्नांनी बोटांवर पट्टी मारली असती. सबंध वर्गात माझं अक्षर छापल्यासारखं होतं.

सकाळची कॉफी रोवेना करते.

२० नोव्हेंबर

लिहू नये, पण लिहिते. आजपासून कॉफी माझी मी करणार. सांगितलं, "तू पाय वर घेऊन बस, बाळा." तिला वाटलं माया. अर्धी माया होतीच.

२३ नोव्हेंबर

आज मोठं भांडण. सुईण मानय तेसिंग रोवेनाला बघायला आली होती. तिच्याकडे विषय काढला. ती म्हणाली, "बाई, आईला डोकेदुखी होते, पण पोटातल्याला तो पारा आयुष्यभर पुरतो. वरच्या आळीतलं ते लेकरू पाहिलंस ना? पाच वर्षांचं झालं, मान धरत नाही." रोवेनाने पोटावर दोन्ही हात ठेवले. ते हात मला बघवले नाहीत.

तशीच उठले. खोपटाचं दार ढकललं. विलमार एकटाच होता, त्याने घाईघाईने काहीतरी पोत्याखाली सारलं. मी पाहिलं!

"काय लपवलंस?"

"काही नाही, नानाय."

"दाखव."

"आज नाही दाखवता येत. चार आठवडे थांबा, मग दाखवतो."

"चार आठवड्यांत माझ्या नातवाचं काय होईल? स्वतःच्या बहिणीचं तरी बघ! नीघ माझ्या घरातून."

तो हसायला गेला, पण मी हसत नाही हे त्याला दिसलं. "शोधा ना मग," म्हणाला, "सगळं खोपट उलटंपालटं करा. थेंबभर पारा सापडला तर माझ्या तोंडात ओता."

शोधलं नाही मी. सापडला नसता तर? त्यापेक्षा गेलेला बरा.

२४ नोव्हेंबर

विलमार मामाकडे राहायला गेला. रोवेना माझ्याशी बोलत नाही. ताटात भात ठेवते आणि वळते.

१ डिसेंबर

अंगठी पुन्हा पांढरी!

विलमार नाही. खोपट उघडं, आत कोंबडी बसलेली. तरी पांढरी. मग उरलं कोण? एलिसेओ. माझा एलिसेओ! जेवताना मी त्याच्या नखांकडे बघत होते. "नानाय, काय झालं?" असं हळू आवाजात विचारलं. तसा आवाज माणूस आजाऱ्याशी काढतो. किंवा खोटं बोलताना.

पुलो शेवटच्या वर्षी ताट माझ्याकडे पाठ करून खायचा. सदऱ्याची बटणं लागायची नाहीत, मी लावायला गेले की ओरडायचा, "खिशात काय शोधतेस?" चाळीस वर्षं संसार केलेली बायको मी! आरोग्य केंद्रातली मुलगी म्हणाली होती, पारा आधी हातात उतरतो, मग मनात. माणसाला सगळे चोर दिसायला लागतात.

पण त्याचं वेगळं. तो जन्मभर पारा फडक्यातून पिळत आला. मी उगीच संशय घेत नाही. माझ्याकडे अंगठी आहे.

३ डिसेंबर

अंगठी एलिसेओला दिली नाही. खाणावळीवालीच्या नवऱ्याकडून तापवून आणली.

१५ डिसेंबर

ठरवलं. या घरात सगळ्यात स्वच्छ खोली माझी. पुढची, समुद्राकडची. खोपट लांब, वारा चोवीस तास. रोवेनाने आजपासून माझ्या पलंगावर झोपायचं. मी दाराशी चटई टाकीन. एलिसेओ कुरकुरला, "नानाय, बायको माझी आहे." मी म्हटलं, "नातू माझा आहे."

रोवेना आधी तोंड फुगवून आली. मग छपरावर कुठलासा पक्षी टिक-टिक करू लागला आणि तिचा चेहरा उतरला. आस्वांग, पोटातलं बाळ खाणारी चेटकीण! गरोदर बाई हेरून छपरावर बसते, लांब जीभ आत सोडते. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, पण खिडकीला लसूण बांधताना माझे हात थांबले नाहीत. तरी पोर घाबरलेलीच. मग माझ्याजवळ होतं नव्हतं ते सगळ्यात मोलाचं दिलं. पुलोचं शिंग काढलं आणि तिच्या उशीखाली नीट सरकवलं.

"तुमचं काय मग, नानाय?"

"मला म्हातारीला कोण खातंय?"

हसली! तीन आठवड्यांनी हसली. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

२१ डिसेंबर

पहाटेच्या ख्रिसमस मिस्सांना रोज जाते आहे. बाहेर पडल्यावर चर्चच्या दाराशी जांभळ्या तांदळाची वाफाळती भाकरी, वर लोणी आणि किसलेला नारळ. आणि चव लागली! नाण्याची नाही, नारळाची. हातही कमी हलतो. अक्षर बघ, ओळीत आलंय. अंगठी पिवळी.

म्हणजे घर आता स्वच्छ आहे. बरंच झालं मी कठोर वागले ते.

२५ डिसेंबर

मी चुकले, चुकले, चुकले!

दुपारी जेवायला एलिसेओ विलमारला घेऊन आला. मी ताट वाढलं, वर पाहिलं नाही. विलमारने रोवेनाच्या हातात एक पुडी ठेवली. सोन्याच्या कुड्या! भाताच्या दाण्याएवढी फुलं. एलिसेओने स्वतःच्या खड्ड्यातलं सोनं टाकणखाराने गाळलं, विलमारने माकुळ माशाच्या पांढऱ्या हाडात साचा कोरून ओतलं. ते हाडच त्याने पोत्याखाली सारलं होतं. म्हणून दार बंद. म्हणून कुजबुज. रोवेनाला ख्रिसमसला द्यायच्या होत्या.

"नानाय, आता ओता पारा माझ्या तोंडात," विलमार म्हणाला.

"डुकराचं कातडं घाल तोंडात. कुरकुरीत झालंय," मी म्हटलं आणि त्याचं डोकं छातीशी धरलं. तो म्हणाला, "अहो, रताळ्याची पण माफी मागा." सगळे हसले.

रोवेनाने कुड्या तिथल्या तिथे घातल्या. "आता बाळ होईपर्यंत काढणार नाही."

विलमार परत इथेच राहणार आहे.

एकच गोष्ट मनातून जात नाही. मग माझ्या अंगठीला पारा लावला कुणी?

२ जानेवारी

रोवेनाचं बिनसलं आहे. डोकं दुखतं म्हणते. आज कोंबडीचं सूप तिने अर्धं टाकलं. "यात काय घातलंत, नानाय? नाण्यासारखं लागतंय." वाडगा माझ्याकडे सरकवला, पण डोळे माझ्यावरून काढले नाहीत. मी म्हटलं, आलं घातलंय, पपई घातलीय, दुसरं काय घालणार?

"मग तुम्ही आधी प्या," ती म्हणाली.

मी प्यायले. कोंबडीची आणि आल्याची चव होती.

मानय तेसिंग म्हणाली, आठव्या महिन्यात असं होतं. डाव्या कुशीवर झोप, बाळाला बरं. ती डाव्याच कुशीवर झोपते, गुणी पोर. गाल उशीत रुतवून.

नाण्यासारखं. हा शब्द मी कुठे वाचला?

६ जानेवारी, तीन राजांचा सण

सकाळी रोवेनाचे केस विंचरत होते. उजव्या कानातली कुडी पिवळीधमक. डाव्या कानातली पांढरी.

तिला हात धरून उठवलं, बाहेर समुद्राकडे नेऊन बसवलं. परत आत आले. उशी उचलली. शिंग हातात घेतलं. तोंडाचं मेण पुन्हा तडकलेलं, चिरेत चांदीसारखा थेंब.

हलकं लागलं.