पेशी कमी झाल्या

धाकटे, थोरलीचा आशीर्वाद.

मी वेळेवर जेवते, माझी काळजी नको. फोनवर हे बोलवेना, म्हणून लिहितेय.

परवा मी सांगितलं की लेकीच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या, आता उतार पडला. ताप उतरतो तसंच मी अडाणी समजले. आज डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं. टाचेच्या जखमेतले जंतू रक्तात गेले, तेव्हा या राखणदार पेशी झुंडीने धावल्या आणि चोरासोबत घरच्यांनाही बदडलं. आता बऱ्याच मेल्यात, उरलेल्या थकून बसल्यात. नव्या येतात त्या कच्च्या, मिसरूडही न फुटलेल्या.

"म्हणजे आमच्या जावयाचे भाऊबंदच की," मी म्हटलं. बाई हसल्या नाहीत. तेव्हा मला काय ते कळलं.

लेक डोळे उघडत नाही. हात ऊबदार आहे, तो धरून बसते.

नातीचा खोकला थांबला का? आईच वेणी घालणार म्हणून ती कुणाला केसांना हात लावू देत नाही, म्हणालीस. बापासारखी हट्टी. तिला रागावू नकोस, खोटं सांगून समजूतही घालू नकोस. आरशासमोर बसव आणि तिची तिला वेणी घालायला शिकव.

तुझ्याशिवाय कुणाला लिहू,
थोरली