नव्वदीतला फोन

ती. सासूबाईंना,

तुम्ही आता नाही, म्हणूनच हे लिहायचं धाडस. शेवटच्या दिवशी तुम्ही सारखं विचारत होतात, "आला का गं तो?" आणि मी म्हणत होते, "निघालाय." निघालाय कसला! मॅच चालू होती आणि ह्यांचा फोन मित्राकडे होता. तो म्हणाला, "वहिनी, तो नव्वदीत आहे. आम्ही कुणी जागचे हलत नाही, हललं की विकेट जाते. शंभर झाले की सांगतो."

शंभर झाले, तोवर तुम्ही गेला होतात. मी मित्राला नाही नाही ते बोलले. तर हेच मला म्हणाले, "त्याचं काय चुकलं?"

आता माझे बाळंतपणाचे दिवस भरत आलेत. डॉक्टरांनी येता रविवार सांगितलाय. ह्यांनी बॅटला तेल लावायला घेतलंय.

तुमची सून