राणीसरकारची थरथर

४ तारीख, शनिवार

राणीसरकार पुन्हा थरथरल्या! बाबा बरोब्बर दहाला गॅरेजच्या फाटकात. "सत्तरच्या पुढे गेली की सीटखालून गुर्रर्र, आणि स्टिअरिंगला कापरं भरतं, मिस्त्रीणबाई." मिस्त्रीणबाई म्हणजे मी, त्यांची पोटची पोर. गाडी लिफ्टवर चढवली. लोखंडी कांब कानाला लावून चारही बेअरिंग ऐकली, इंजिनाखालची रबरं चाचपली. मग स्वतः चालवून आणली. शंभरला गेले तरी आवाज म्हणून नाही! "येताना होता गं. शपथ."

जन्मभर सायकलवर ऑफिसला गेलेला माणूस. निवृत्त झाल्यावर ही लांबलचक निळी, कातडी सीटांची गाडी घेतली आणि नाव ठेवलं राणीसरकार. जुनीच, पण तिचं कौतुक नव्या नवरीसारखं.

५ तारीख, रविवार

दादाचा फोन. "कंपनीवाल्यांनी हात टेकले, तूही टेकलेस. सापडत नसेल तर महिनाअखेर विकून टाकू. शहात्तराव्या वर्षी कशाला असली गाडी?" बाबांचं एकच पालुपद — मला रोज लागते! सकाळी वाचनालय, संध्याकाळी मित्रांकडे पत्ते. मी दादाला शब्द दिलाय, महिन्याच्या आत शोधून काढते. गाडी गेली तर बाबा खचतील.

११ तारीख, शनिवार

पुन्हा दहाला हजर. पुन्हा तेच गुर्रर्र — म्हणे. चाकं बॅलन्स केली, संशयावरून एक बेअरिंगही बदललं. चोर सोडून संन्याशाला फाशी! बाबांना शेजारी बसवून फेरी मारली. काही नाही. बाबा गंभीरपणे म्हणाले, "तुला बघून लाजते ती." हसून हसून गाडी बाजूला घ्यावी लागली.

१२ तारीख, रविवार

मला वाटतं, आवाज-बिवाज काही नाहीच. मला भेटायचं निमित्त हवं असतं. लबाड म्हातारा!

१८ तारीख, शनिवार

बोलून गेले. "बाबा, नुसतं भेटायला या की. आवाजाचं सोंग कशाला?" वाटलं, हसतील. त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे मी खोटं बोलतो?" अर्धा चहा टाकून निघून गेले. जीभ चावली, पण आता काय उपयोग.

२० तारीख, सोमवार

फोन उचलत नाहीत.

२३ तारीख, गुरुवार

सकाळी न सांगता त्यांच्या घरी गेले. "एकटी चालवून बघते." त्यांनी चावी पुढे केली. मोठ्या रस्त्याला लागले, काटा सत्तरवर — आणि गुर्रर्र! स्टिअरिंग हातात थडथडतंय! बिघाड सापडल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. गाडी न्यूट्रलला टाकली, तरी थरथर चालूच. म्हणजे इंजिन नाही, चाकं. दहा-बारा किलोमीटरनंतर ती हळूहळू ओसरली. गॅरेज यायच्या आत गायब.

टायर! गाडी दिवसचे दिवस एका जागी उभी राहिली की रुंद टायर खालून चपटे बसतात. धावून तापले की परत गोल. बाबांचं घर ते माझं गॅरेज अठरा किलोमीटर. माझ्या हाती यायची तेव्हा ती बरी झालेली असायची.

पण बाबा तर गाडी रोज चालवतात! गॅरेजमधली शनिवारची कामाची कार्डं काढली. प्रत्येक कार्डावर मी सवयीने किलोमीटर लिहिते, बघत मात्र नाही. माझ्या फेऱ्या वजा केल्या. शनिवार ते शनिवार छत्तीस. पुन्हा छत्तीस. अठरा येताना, अठरा जाताना. बाकी काही नाही. परक्या गिऱ्हाइकाला माझा पहिला प्रश्न असतो, गाडी किती चालते? बापाला विचारलाच नाही.

२४ तारीख, शुक्रवार

दादाला खरं सांगितलं तर तो म्हणणार, वापरत नाहीत ना, मग विका! मी एवढंच सांगितलं — टायरचा दोष होता, सापडला, गाडी विकायची नाही.

संध्याकाळी गाडी परत द्यायला गेले. "बाबा, तुम्ही खरं बोलत होता. माझं चुकलं." त्यांनी डोक्यावर टपली मारली. माझ्याच डोळ्यांना पाणी. टायरचं समजावलं, किलोमीटरचा विषय काढला नाही. त्यांची लाज कशाला काढू? "रोज थोडी फिरवा, एवढंच औषध. वाचनालयापर्यंत तरी." त्यांनी चावी खिशात टाकली. मग म्हणाले, "बरं." घरी येताना मी चक्क गाणं गुणगुणत होते.

२५ तारीख, शनिवार

दहा वाजले, साडेदहा झाले. बाबा आले ते बसने. चावी माझ्या टेबलावर ठेवली.

"दादाला सांग, विकून टाक. वर्ष झालं, डोळ्यांना सगळं धूसर दिसतं गं. वाचनालय नाही, पत्ते नाहीत. तुझ्याकडचा रस्ता तेवढा पाठ आहे — दोन सिग्नल, एक वळण, की तुझं फाटक."