पेन्सिल कुणी झिजवली?

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्या भावाचा वाकता येईल तितका नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, कंबरेने परवानगी नाकारली.) तुझे गुडघे, भाऊजींचा रक्तदाब आणि तुझं वाचनालय ठीक आहेत असं धरून चालतो. इथे मात्र घोर अनर्थ चालू आहे : माझी पेन्सिल मी लिहितो त्याहून जास्त झिजते.

हसू नकोस. पर्वतावर धूर दिसला की अग्नीचं अनुमान करावं, हे मी पंचवीस वर्षं संस्कृतच्या वर्गात शिकवत आलोय. टोक काढल्याची सालं माझ्या खुर्चीखाली सापडल्यावर मी गप्प कसा बसणार?

मूळ दोष तुझा. मुलीला 'वाच, वाच' म्हणू नकोस, तिच्यासमोर स्वतः वाचत बस, असं बजावून तू ती जाडजूड रहस्यकादंबरी पाठवलीस. आज्ञेप्रमाणे मी रोज संध्याकाळी, पानं जरा आवाज करून उलटत, वाचू लागलो. कन्येने मोबाईलवरून मान वर केली ती एकदाच, पंखा वाढवायला. वह्या तपासायच्या सवयीने मी समासात शेरे मारत गेलो. पान चाळीसवर लिहिलं, 'खुनी डॉक्टरच. संशयाला जागा नाही.' दुसऱ्या दिवशी त्याखाली बारीक अक्षरात उत्तर : 'डॉक्टर तेव्हा गावातच नव्हता. पान बारा परत वाचा.'

पहिला संशय सौभाग्यवतीवर. ती म्हणाली, "अहो, तुमचं अक्षर मला वीस वर्षांत लागलं नाही, उत्तर कुठून देऊ?" साक्ष ग्राह्य धरली. उरली कन्या. पण पंधरा वर्षांची ही मुलगी गेले आठ महिने माझ्याशी 'हं' आणि 'बघू' एवढंच बोलते. ती उगाच वाचेल? नवा मोबाईल हवा असणार, नाहीतर गणितात गटांगळी खाल्ली असणार. तपासासाठी पुढच्या समासात लिहिलं, 'चाचणीत किती गुण?' उत्तर आलं, 'विषयाला धरून लिहा.' (हा माझाच शेरा. तिच्या प्रत्येक निबंधावर मी मारलेला.)

मग पान दोनशे दहा आलं. कादंबरीतली माळ्याची मुलगी घरात कुणाशी बोलत नाही, म्हणून सगळ्यांना तिचाच संशय. मी लिहिलं, 'हिच्यावर नजर ठेवा.' त्याखाली होतं, 'गप्प असलं म्हणजे काही लपवलंय असं नसतं, बाबा. कधी कधी सुरुवात कशी करायची तेच कळत नाही.'

तिथे मी चार वेळा लिहून खोडलं. कागद पातळ झाला. शेवटी फक्त 'मलाही' एवढंच ठेवलं.

तुझा संशयी भाऊ

ता. क. याहून जाड कादंबरी ताबडतोब पाठव. समास रुंद हवेत. खून नसला तरी चालेल. (वाचनालयाची प्रत नको. पुस्तकात लिहिल्याबद्दल लहानपणी तू माझा कान कसा पिळला होतास, ते कान विसरलेला नाही.) आणि पोरीला यातलं अवाक्षर कळवू नकोस.

ता. ता. क. खुनी कोण ते मला पान साठलाच कळलं होतं. तेव्हापासून मुद्दाम चुकतोय. आता अठरा पानं उरलीत, ताई. ती संपली की पोरगी पुन्हा 'हं'वर येईल, याची मला भीती वाटते.