मलाही विचारलं

प्रिय दीप्ती,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. जव्हार आहे तसंच आहे. शाळा सुरू व्हायच्यात, दुकानात गणवेशांचा ढीग पडलाय आणि मी शिवतोय. तुझी आई गेल्यापासून हात तेवढे चालतात, बाकी मला काही कळत नाही. लोक म्हणतात, चंद्रकांत धीराचा. धीर कसला? दाढ काढताना सुई देतात ना, तसं झालंय सगळं.

मोखाड्याला गेलो होतो हे तुला काकूकडून कळलं. खरं आहे. दिवसकार्य उरकताच तुझ्या काकांनी स्थळ आणलं, घरात बाई नको का म्हणाले. पुष्पा नाव तिचं. नवरा गेला तेव्हा तिला कपाळ पुसायला लावलं होतं. मला मात्र नवा सदरा घालून गाडीत बसवलं. मी बसलो. चहा प्यायलो. तिचा चेहरा आठवत नाही. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. परत येताना काका म्हणाले, गप्प आहे म्हणजे होकारच.

मग आईच्या पेन्शनचं निघालं. ती वांगणीकडे सरकारी दवाखान्यात नर्स होती, तिच्यामागे ते पेन्शन मला मिळणार होतं. आधीच्या कागदावर सगळीकडे 'विधवा' छापलेलं. मी त्याखाली मुकाट सह्या केल्या होत्या. परवा कचेरीतून निरोप आला, कागद नव्यानं भरा, आता बाई-पुरुष दोघांना एकच नमुना, त्यात 'हयात जोडीदार' म्हणायचं. तुझे काका सोबत आले. तिथं टेबलावर राही होती, पोशेरा गावची पोर. कागद माझ्याकडे सरकवताना तीच ओशाळली, मला म्हणाली,

"काका, रागावू नका. आधी हे फक्त बायांना विचारायचे. आता बाप्यांनाही विचारायचं आलंय."

खाली प्रश्न होता, पुनर्विवाह केला आहे किंवा ठरला आहे काय?

काका भडकले, पुरुषाला असलं विचारतात होय! मग माझ्या कानाशी लागले, आत्ता 'नाही' लिही, लग्न म्हटलं की पेन्शन बंद, पुढचं पुढे बघू. मी प्रश्न पुन्हा वाचला. मग 'नाही' लिहिलं. काकांना वाटलं, त्यांचं ऐकलं. बाहेर आल्यावर सांगितलं, लिहिलंय ते खरंच आहे, मोखाड्याला तसं कळवा. ते अजून बोलत नाहीत.

रडू तेव्हाही आलं नाही. पण दीप्ती, आई गेल्यापासून मला कुणी काही विचारलंच नव्हतं गं. काकांनी नाही, आणि तूही ऐकलंस ते धरून बसलीस. पहिल्यांदा विचारलं ते त्या कागदानं. आता तूही येऊन विचार. आईचा पांढरा गणवेश मशीनवर तसाच आहे, एका बाहीची दुमड घालायची राहिलीय. पुरी करू की राहू देऊ, हे मला एकट्याला ठरवता येत नाही.

वाट बघणारा, तुझाच
बाबा